शोधण्याची विद्या

विद्यापीठात पहिले पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वी ग्रंथालयातील लाकडी खणांशी ओळख करून घ्यावी लागे. त्या लांबट खणांतून कार्डे ओळीने लावलेली असत. एकावर ग्रंथकाराचे नाव, दुसऱ्यावर ग्रंथाचे, तिसऱ्यावर विषयाचे. कार्डे चाळता चाळता बोटांना त्या रचनेची सवय होई आणि आपल्याला हवे ते कोठे असू शकेल याचा अंदाज मनाला बांधता येऊ लागे. आज ते खण बहुतेक ठिकाणी रिकामे झाले आहेत. त्यांची जागा संगणकाच्या पडद्यावरील एका लहानशा चौकटीने घेतली आहे. चौकटीत दोन शब्द लिहिले की क्षणार्धात लक्षावधी उत्तरे समोर उभी राहतात. त्यामुळे शोधणे ही आता शिकण्याची गोष्टच उरली नाही, असा समज पसरू लागला आहे. हा समज फसवा आहे. खण उघडायला वेळ लागे, परंतु आपल्याला काय सापडले नाही हे तरी तेथे कळत असे. चौकट मात्र कधीच रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. आणि म्हणूनच तिच्यापुढे बसणाऱ्याला अधिक शहाणपण लागते.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे आद्य प्रणेते डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतील चौथे सूत्र. संगणकाने हे सूत्र एका अर्थाने पूर्णत्वास नेले. परंतु वाचलेला वेळ कशासाठी वापरायचा, हे संगणक सांगत नाही. तो वेळ पारखण्यासाठी वापरला तरच ते सूत्र सार्थकी लागते.

ही गोष्ट उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. जिल्ह्याच्या गावी इतिहास विषय घेऊन एम. ए. करणारी एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. घरात विद्यापीठाची पायरी चढणारी ती पहिलीच. तिने लघुप्रबंधासाठी विषय निवडला आहे, पुण्यातील १८९७ ची प्लेगची साथ. ती महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर ‘प्लेग’ एवढाच शब्द लिहिते. उत्तरे हजारोंनी येतात. काही युरोपातील मध्ययुगीन साथीविषयी, काही उंदरांविषयी, काही एका कादंबरीविषयी. दोन तास पाने उलटून ती निराश होते आणि ग्रंथपालांकडे जाऊन म्हणते, “सर, माहिती खूप आहे, पण माझ्या उपयोगाचे काहीच मिळत नाही.” अनुभवी ग्रंथपाल अशा वेळी उत्तर देत नाहीत, प्रश्न विचारतात. “तुम्हाला नेमके काय विचारायचे आहे, ते आधी एका वाक्यात लिहून आणा पाहू.”

शोधविद्येचा पहिला धडा हा आहे. विषय आणि प्रश्न या दोन गोष्टी निराळ्या. ‘पुण्यातील प्लेग’ हा विषय झाला. ‘पुण्यात १८९७ मध्ये घरोघर झालेल्या तपासणीविषयी लोकांच्या कोणत्या तक्रारी होत्या आणि सरकारी अहवालांत त्यांची नोंद कशी झाली’ हा प्रश्न झाला. प्रश्नात स्थळ असते, काळ असतो, माणसे असतात; आणि कोणत्या प्रकारचा पुरावा हवा याची सूचनाही असते. असा प्रश्न हाती आला की यंत्राला काय सांगावयाचे ते आपोआप ठरते.

यंत्र काय करते, हेही थोडे समजून घेणे जरूर आहे. पुष्कळांची कल्पना अशी की, आपण शब्द लिहिताच यंत्र साऱ्या जगातील पाने वाचून काढते. वस्तुतः तसे होत नाही. ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशी एक प्रचंड सूची शोधयंत्राने आधीच तयार करून ठेवलेली असते. कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे, याची ती नोंद. आपण शब्द लिहिला की यंत्र ती सूची पाहते आणि मग सापडलेल्या पानांचा क्रम लावते. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी या क्रमवारीची एक पद्धत प्रसिद्ध केली. ज्या पानाकडे इतर अनेक पाने बोट दाखवितात, आणि विशेषतः जी स्वतः महत्त्वाची आहेत अशी पाने बोट दाखवितात, ते पान वर आणावे, असे त्या पद्धतीचे सार. विद्वानांच्या जगाला ही कल्पना अपरिचित नव्हती. कोणत्या लेखाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला याची सूची यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानक्षेत्रासाठी १९६४ पासून प्रसिद्ध करावयास आरंभ केला होता.

आज या क्रमवारीत आणखी अनेक गोष्टींचा विचार होतो, आणि पैसे देऊन वर आलेल्या जाहिरातीही तेथे असतात. विद्यार्थ्याने लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की, पहिले उत्तर हे बहुधा लोकप्रिय उत्तर असते. ते खरे असेलच असे नाही. जत्रेत ज्या दुकानापुढे गर्दी त्या दुकानातला माल चोखच असतो, असे कोणी म्हणत नाही.

दुसरा धडा शब्दांचा. इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवर एक ग्रंथ लिहिला. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या साध्या शब्दांना त्यांनी गणिताची शिस्त लावली. आज ग्रंथालयांच्या सूच्या आणि संशोधनलेखांचे संग्रह याच शिस्तीवर चालतात. ‘प्लेग आणि पुणे’ असे विचारले तर दोन्ही शब्द असलेलीच पाने येतात. ‘पुणे किंवा पूना’ असे विचारले तर जुनी नावेही जाळ्यात येतात. ‘नाही’ने नको असलेली बाजू वगळता येते. इंग्रजी संग्रहांत हेच काम अँड, ऑर आणि नॉट हे शब्द करतात. दोन-तीन शब्द लागोपाठ त्याच क्रमाने हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावे. एवढ्या चार युक्त्या आल्या तरी हजारांची रास काही डझनांवर येते.

परंतु योग्य शब्द कोणता, हे यंत्राला विचारून भागत नाही. त्यासाठी काळाची भाषा ठाऊक असावी लागते. १८९७ मधील इंग्रजी कागदपत्रांत पुणे ‘पूना’ असते आणि मुंबई ‘बॉम्बे’. त्या काळच्या मराठी लेखनात प्लेगला ‘ग्रंथिक सन्निपात’ असेही म्हणत. केवळ ‘प्लेग’ हा शब्द धरून बसणाऱ्याला हे सारे लेखन दिसणारच नाही. प्लेगची लस तयार करणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे सर्वश्रुत आहे. पण मराठीत त्यांचे नाव कोठे हाफकिन, कोठे हाफकीन, तर कोठे हॉफकिन असे लिहिलेले आढळते. यंत्राच्या दृष्टीने या तीन निराळ्या व्यक्ती ठरू शकतात.

मराठीतून शोध घेणाऱ्याला आणखी एक अडचण येते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीचे मुद्रक ‘नांव’, ‘कांहीं’, ‘करणें’ असे छापीत. आजचा विद्यार्थी ‘नाव’ लिहून शोधतो आणि ‘नांव’ छापलेले सारे पान यंत्र ओलांडून जाऊ शकते. शिवाय जुन्या वृत्तपत्रांची पाने बहुधा छायाचित्रांच्या रूपात असतात. त्यांवरील अक्षरे यंत्राने ओळखून घ्यावी लागतात, आणि पुसट देवनागरी वाचताना यंत्र ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ सहज करते. संगणकावर देवनागरीला जागतिक मान्यतेचे स्थान मिळाले ते १९९१ मध्ये, युनिकोड या संकेतपद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत. पण त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी संकेतांत टंकलिखित होत राहिला. असा मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. शोधयंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरांची माळ असते. म्हणून यंत्राने ‘सापडले नाही’ असे सांगितले, तर ‘ते अस्तित्वात नाही’ असा त्याचा अर्थ लावू नये. निरनिराळी रूपे लिहून पाहावी आणि शेवटी, वर्ष व महिना ठाऊक असेल तर पाने एकेक करून डोळ्यांनी चाळावी. हे जुनेच कष्ट. फक्त धूळ तेवढी नाही.

तिसरा धडा स्थळांचा. सर्वसाधारण शोधयंत्र हा बाजाराचा हमरस्ता आहे. विद्येची कोठारे बहुधा त्याच्या आतल्या बाजूला असतात आणि त्यांची दारे स्वतंत्रपणे ठोठवावी लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी पीएच. डी.चे प्रबंध संगणकीय रूपात सादर करण्याची व्यवस्था घातली. त्यातून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेला ‘शोधगंगा’ हा संग्रह उभा राहिला. देशभरच्या विद्यापीठांतील लाखो प्रबंध तेथे कोणालाही विनामूल्य वाचता येतात. भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय, मराठी विश्वकोशाची महाजालावरील आवृत्ती, ही अशीच काही दारे. प्लेगच्या अभ्यासकाला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेही उपकृत केले आहे. ब्रिटिश अमदानीतील भारताच्या वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह त्याने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. शंभर वर्षांपूर्वी जे अहवाल पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला असता, ते आज तालुक्याच्या गावी वाचता येतात.

संशोधनपत्रिकांची गोष्ट थोडी निराळी. त्यांतील पुष्कळशा वर्गणीच्या कुंपणाआड असतात आणि ती वर्गणी लहान महाविद्यालयांना परवडत नाही. ही विषमता कमी करण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० पत्रिका आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा आवाका ठरला. परंतु कोठाराचे दार उघडले म्हणून धान्य आपोआप घरी येत नाही. आपली संस्था या योजनेत आहे काय, असल्यास प्रवेश कसा मिळवावा, हे ग्रंथपालांना विचारण्याचा संकोच विद्यार्थ्याने सोडला पाहिजे.

एक चांगला ग्रंथ हाती लागला की त्यातून दोन दिशांना जाता येते. उदाहरणार्थ, वसाहतकालीन वैद्यक आणि साथी यांविषयी डेव्हिड अर्नोल्ड यांचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कलोनायझिंग द बॉडी’ हा ग्रंथ. त्याच्या तळटिपा पाहिल्या तर अर्नोल्ड यांनी कोणती मूळ साधने पाहिली ते कळते. ही मागे जाण्याची वाट. गूगल स्कॉलरसारख्या सूचीत तोच ग्रंथ शोधला तर १९९३ नंतर कोणी कोणी त्याचा आधार घेतला किंवा त्याच्याशी मतभेद दर्शविला ते कळते. ही पुढे जाण्याची वाट. या दोन वाटांनी चालणारा विद्यार्थी थोड्याच दिवसांत त्या विषयाच्या विद्वानांच्या पंक्तीत, निदान शेवटच्या पाटावर तरी, बसू लागतो.

चौथा धडा पारखण्याचा, आणि तो सर्वांत मोलाचा. आपल्या विद्यार्थिनीला असे दिसते की, प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या मृत्यूची तारीख एका पानावर २२ जून १८९७ आहे आणि दुसऱ्यावर ३ जुलै १८९७. कोणते खरे? ज्या तारखेची पाने अधिक ती खरी, असा कौल लावणे सोपे. पण इतिहास मतदानाने ठरत नाही. ती त्या काळच्या वृत्तांताकडे वळते तेव्हा उलगडा होतो. २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंड मार्गावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट हा त्याच रात्री मरण पावला. रँड जखमी झाला आणि ३ जुलै रोजी त्याचा मृत्यू झाला. दोन्ही पानांना आधार आहे. चूक एवढीच की एकाने हल्ल्याची तारीख मृत्यूची म्हणून दिली. अशा लहान विसंगतीपाशी जो थांबतो तोच अभ्यासक. म्हणून प्रत्येक पानाला चार प्रश्न विचारावे: हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, आणि त्याचा हेतू काय होता? सरकारी अहवालालाही हे प्रश्न लागू आहेत. अहवाल लिहिणारा अधिकारी आपल्या कामाचे समर्थन करीत असतो, आणि तक्रार छापणारा संपादक आपल्या वाचकांची बाजू मांडीत असतो. दोघांचेही ऐकून घ्यावे लागते.

अलीकडे या धड्याला नवी निकड प्राप्त झाली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे संभाषण करणारे यंत्र लोकांसमोर आले आणि पाठोपाठ तशी इतरही आली. ही यंत्रे प्रश्नाचे उत्तर अस्खलित वाक्यांत देतात. त्यांची मूळ घडण अशी की, अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती शिकलेली असतात. त्यामुळे जे संभवनीय वाटते ते त्यांना लिहिता येते. ते घडले आहे की नाही याची हमी त्यांना देता येत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात दोन वकिलांनी अशा यंत्राने दिलेले पूर्वनिर्णय सादर केले. नावे होती, दिनांक होते, अवतरणे होती. फक्त ते खटलेच कधी चालले नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. विद्यार्थ्याने अशा यंत्राला शब्द सुचवावयास सांगावे, एखादी कठीण कल्पना समजावून घ्यावी, आपल्या मसुद्यातील उणिवा विचाराव्या; परंतु त्याने सांगितलेला एकही ग्रंथ स्वतः उघडून पाहिल्यावाचून संदर्भ म्हणून लिहू नये.

पाचवा धडा टिपणांचा. वाचताना प्रत्येक नोंदीबरोबर लेखक, ग्रंथ, वर्ष आणि पृष्ठ त्याच वेळी लिहावे. ‘नंतर लिहू’ म्हणणाऱ्याला नंतर पृष्ठ सापडत नाही. झोटेरोसारखी विनामूल्य आज्ञावली हे काम पुष्कळ हलके करते. महाजालावरील पान आज आहे, उद्या नसेल. म्हणून ते कोणत्या दिवशी पाहिले याची नोंद ठेवावी आणि त्याची एक प्रत जतन करावी. मृत्यूंचे आकडे तक्त्यात भरताना, ज्या दिवशीचा आकडा उपलब्ध नाही तेथे जागा मोकळी सोडावी, शून्य लिहू नये. शून्य लिहिणे म्हणजे त्या दिवशी कोणी दगावलेच नाही, असे सांगणे होय. आणि सारे लेखन एकाच यंत्रात न ठेवता त्याच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या. सादरीकरणाच्या आदल्या रात्री यंत्र बंद पडल्याने वर्षाचे काम गमावून बसलेले विद्यार्थी पुष्कळ असतात.

टिपणाशीच प्रामाणिकपणाचा प्रश्न निगडित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील उसन्या मजकुराचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे पायरीपायरीने कारवाई वाढत जाते आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. परंतु टक्केवारी मोजणारे यंत्र शब्दांची उसनवारी पकडते. विचारांची पकडत नाही. ती पकडावयाची असते ज्याची त्याने.

या साऱ्यात काही खर्चाचे नाही, तरीही सर्वांना ते सारखे सुलभ नाही. घरात संगणक असलेल्या मुलाला या गोष्टी न शिकविता येतात. केवळ हातातल्या फोनवर अभ्यास करणाऱ्या मुलीला त्या कोणीतरी शिकवाव्या लागतात. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने पहिल्याच सत्रात ग्रंथपालांचे काही तास या विद्येसाठी राखून ठेवावे, हे उचित ठरेल. अवजार सर्वांच्या हाती आले आणि ते वापरण्याची विद्या थोड्यांपाशीच राहिली, तर अंतर कमी न होता वाढेल.

त्या विद्यार्थिनीचा लघुप्रबंध सत्तर-ऐंशी पानांचा होईल. जगात त्याने फार मोठी खळबळ उडणार नाही. परंतु पुण्याच्या वाड्यांतून सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांची घरे उघडली गेली, ज्यांचे सामान बाहेर टाकले गेले, आणि ज्यांची माणसे साथीच्या इस्पितळातून परत आली नाहीत, त्यांच्याविषयी लिहिलेला प्रत्येक शब्द तिने पारखून घेतलेला असेल. त्या मृतांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्यांच्याविषयी खरे तेवढेच लिहिणे, ही त्यांच्याशी असलेली किमान बांधिलकी आहे. पूर्वी लाकडी खणांपुढे उभे राहून विद्यार्थी हीच बांधिलकी शिकत असत. खण गेले आणि पडदा आला, तरी ती आजही तशीच शिकावी लागते.